वर्गाची इर्जिक

सौद्याचे पेढे सौदा व्हायच्या आधी खाऊ नयेत, असा काही विंझरमध्ये नियम नाही. पण त्या शुक्रवारी मंगलबाईनं तो जागच्या जागी काढला आणि पुडा स्वरूपकडे परत सरकवला.

"अगं, उघड तर. कंदी आहेत," स्वरूप म्हणाला.

"कंदी असू देत न्हाईतर सोन्याचं. आधी बोल."

ओसरीवर चौघं होती. पुण्याहून आलेला तिचा मुलगा, त्याच्याशेजारी सून प्रेरणा, आणि खांबाला पाठ लावून धाकटा दीर गेनू. खालच्या खाचरांची वाटणी झाल्यापासून गेनूनं या ओसरीची पायरी चढली नव्हती. भांडण बांधाच्या हातभर मातीचं. पण दोघांनी ते इतक्या निगुतीनं पाळलं होतं की एवढ्या निगुतीनं म्हैस पाळली असती तर आज गोठ्यात उभं राहायला जागा उरली नसती. तो गेनू आज आपण होऊन आला होता आणि स्वरूपच्या बाजूला बसला होता. मंगलबाई काय ते समजली. सगळं ठरवून झालंय. आता तिला विचारल्याचं नाटक तेवढं उरलंय.

"पार्टी रविवारी सकाळी येतीय," स्वरूप म्हणाला. "तुझं खाचर आणि काकांचं, दोन्ही एकदम घेतात. रस्त्याच्या अंगाला काकांचं आहे, त्यातून वाट काढायची. आपल्यात बंगले."

"भातात बंगलं?"

"भात कुठंय आई? तीन वर्षं पडीक आहे. पुरुषभर गवत वाढलंय."

"गवत वाढतंय म्हंजी जमीन जित्ती हाय."

गेनू खाकरला. "वयनी, तुमचं गुडघं गेलं, माझी कंबर गेली. मजूर मिळंना. लावायचं कुणी?"

"भावजी, इतक्या वरसांनी बोललासा," मंगलबाई म्हणाली, "पहिलं वाक्य जरा बरं काढायचं."

प्रेरणानं पदराआड हसू दाबलं. स्वरूपनं ते पाहिलं आणि त्याचा आवाज चढला. खाचर दोघा मायलेकांच्या नावावर. सही दोघांची लागणार. तो म्हणाला, पडीक जमिनीला कवटाळून बसण्यात शहाणपण नाही. ती म्हणाली, पडीक कोण म्हणतंय. तो म्हणाला, डोळे म्हणतात. मग मंगलबाईनं गुडघ्यावर हात मारला आणि तोंडातून शब्द निघून गेला.

"रवीवारी पार्टी यील तवा खाचर पडीक असंल, तर म्या सही करते. लावलेलं असंल, तर ह्यो विषय ह्या घरात पुन्ना न्हाई."

शब्द बाहेर पडल्यावर तिलाच घाम फुटला. पण मंगलबाईनं दिलेला शब्द परत घेतल्याचं गावात कोणी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी तिनं ते कबूल केलं नसतं.

"दोन दिवसांत?" स्वरूप हसला. "कोण लावणार? तू?"

"माझा वर्ग."

हसू थांबलं. गेनूनं खांब सोडून सरळ बसण्याचा प्रयत्न केला.

भोरच्या हायस्कुलातल्या जुन्या अकरावीच्या त्या वर्गात मुली दोनच: आंबवड्याहून कधी गाडीला हात करून, कधी चालत येणारी मंगल आणि शाळेमागच्या आळीतली सुलू. मुलं पुष्कळ होती. पण कोणी मुंबईला गेलं, कोणी वर गेलं. उरले चौघं. सुलू सरकारी दवाखान्यात नर्स होऊन निवृत्त झाली. शरच्चंद्र कोर्टात नाझर होता. कापूरहोळचा हनुमंत एसटी चालवत होता आणि त्यापेक्षा जास्त थापा मारत होता. लग्नं झाली, पोरं झाली, मंगलबाईचा नवरा गेला, शरच्चंद्राची छाती उघडून पुन्हा शिवली; पण बाजाराच्या दिवशी भोरच्या स्टँडजवळच्या हॉटेलातलं चौघांचं टेबल मोडलं नाही. हॉटेलवाल्याचा नातू गल्ल्यावर बसला, तरी तो यांना विचारल्याशिवाय त्या टेबलाची जागा हलवत नसे.

"आई, त्या टोळक्याला इथं आणायचं नाही," स्वरूप म्हणाला. "बापई माणसं घरी येतात, खिदळतात, तुला मंगे म्हणतात. बाबा असते तर गोष्ट वेगळी. लोक बोलतात."

"तुझं बाबा व्हते तवा बी मंगेच म्हणायचे. तवा तुझं बाबा बी हसायचे." तिनं कमरेचा मोबाईल काढला. "आन लोकांचं म्हणशील तर लोकांना सांग, कुणाला बोलायचं आसंल त्यानं बांधावर यिऊन बोलावं. हातात रोपं दिते."

तिनं सगळ्यांदेखत हनुमंताला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"हणम्या, उद्या माझ्या रानात इर्जिक हाय."

"इर्जिक? हल्ली?" पलीकडून आवाज फुटला. "मंगे, आमच्यासाठी कापणार काय?"

"तुझी जीभ."

"मंग येतो. न्हायतरी घरात आता ती कुणाच्या कामाला बी येत न्हाई."

इर्जिक म्हणजे मजुरी नव्हे. ज्याचं रान अडलंय त्याच्या हाकेला माणसं जमतात, दिवसभर राबतात. ज्याच्या रानात राबली त्यानं त्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि त्यांचं अडलं की यानं त्यांच्या रानात उतरायचं. वेल्ह्याकडच्या डोंगरात हा कायदा कोर्टाच्या आधीपासून आहे, आणि त्यात तारखा पडत नाहीत.

शनिवारी सकाळी धुकं असं दाट होतं की मंगलबाईच्या कोंबड्यानं आरवायला चोच उघडली आणि धुक्याचा घास बसून तो बराच वेळ नुसता खोकला. त्या धुक्यातून हनुमंताच्या पुतण्याचा टेम्पो वाट चाचपत आला. स्टिअरिंगवर स्वतः हनुमंत. शेजारी सुलू, मांडीवर औषधांची पेटी. मागं प्लास्टिक पांघरून शरच्चंद्र, इस्त्रीच्या पँटवर नातवाचे गमबूट.

"ते पायात शिरले कसे?" मंगलबाईनं विचारलं.

"शिरले. आता निघतील याची खात्री नाही," शरच्चंद्र म्हणाला. "मंगे, एक स्पष्ट करून घे. अट तोंडी आहे का लेखी?"

"तोंडी."

"मग पाळावीच लागेल. लेखीतून पळवाट निघाली असती."

वरच्या खोलीच्या खिडकीतून स्वरूप बघत होता. मंगलबाईनं मुद्दाम चौघांचा चहा अंगणातच मांडला.

कामं वाटली. घरामागं तिनं दरसालच्या सवयीनं भाताच्या रोपांचा तरवा टाकलेला होताच. स्वतःचं खाचर पडीक, तरी तिच्या तरव्यातली रोपं दरसाली शेजारपाजाऱ्यांच्या रानात जात. तिनं आणि सुलूनं रोपं उपटून जुड्या बांधायच्या. हनुमंतानं पॉवर टिलरवाल्याला घेऊन खाली उतरायचं, चिखल करून घ्यायचा. शरच्चंद्रानं जुड्या वाहायच्या.

"ओढ्याकडचं खाचर," तिनं बजावलं. "दोन शेजारी शेजारी हायत. ओढ्याकडचं आपलं."

"मला वाट सांगतीस?" हनुमंत म्हणाला. "वरंधा घाटात बिबट्यानं हात केला म्हणून गाडी थांबवणारा माणूस म्या. पुढच्या वळणावर उतरवला त्याला, आन ते वळान बरुबर त्याच्याच गुहेचं व्हतं."

आता झालं होतं असं, की आदल्या पावसाळ्यात ओढ्यानं काठ फोडला होता. मंगलबाईच्या खाचराची जन्माची संगत सोडून तो गेनूच्या खाचरापलीकडून वाहायला लागला होता. तिनं हे ऐकलं होतं. पण गुडघ्यांमुळं ती खाली उतरली नव्हती, आणि ओढ्यानं जागा बदलली म्हणून आपण जिभेवरचा पत्ता बदलावा, हे तिच्या डोक्यात आलं नाही. नांदायला आल्यापासून ओढ्याकडचं म्हणजे आपलं.

जुड्या बांधून, काठी टेकत ती सुलूबरोबर खाली पोचली तेव्हा टिलरवाला चिखल करून गेलाही होता. धुक्यात स्वतःच्या हाताचं बोट मोजायचं तर ते नाकाला लावावं लागत होतं. पुढं चिखल चकाकत होता, एवढंच. तिनं साडी खोचली, काठी बांधावर टाकली आणि चिखलात पाय घातला. गुडघ्यातून कळ निघाली ती थेट कानशिलात. पण पायाखालचा गार, लोण्यासारखा गाळ तळव्यांना लागला आणि तिच्या तोंडून नकळत "हां" निघालं.

"पाणी पल्याडनं यायला पायजे," ती मग थबकून म्हणाली. "हे उलटं कसं येतंय?"

"पाणी बी म्हातारं झालंय, त्याला दिशा उमगंना," हनुमंत म्हणाला. "तू लाव."

तिला ते खटकलं. पण चौघांत लावणीची जाणकार म्हणून तीच उभी, आणि आपलंच रान आपल्याला ओळखू येईना हे कबूल करायचं कसं? तिनं पहिली चिमूट रोवली.

मग जी लावणी झाली तशी वेल्हे तालुक्यानं पाहिली नसेल. माणसं रांगेनं मागं सरकत जातात. हे चौघं मागं सरकता सरकता एकमेकांवर आदळत होते.

"शऱ्या, रोप लावतोयस का पुरतोयस?" सुलू ओरडली. "शेंडा तरी दिसू दे!"

"खोल लावलं की पडत नाही."

"दम कोंडून मरतं, पडायला उरतंय कुठं? सरक, अंगठा असा धर. आणि श्वास मोजून घे. तुझ्या छातीला टाके मी घातले नसले तरी काढायला मी होते."

शरच्चंद्राचा फोन वाजायला लागला. त्याचा पुण्याचा मुलगा, सौमित्र. शरच्चंद्राचे हात चिखलात. सुलूनं त्याच्या खिशातून दोन बोटांनी फोन काढला.

"बाबा आहेत का?" पलीकडून आवाज. "सकाळपासून घरी नाहीत म्हणे. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलंय."

"जिना चढत नाहीये रे तो. चिखलात उतरलाय," सुलू म्हणाली आणि फोन बंद करून पदराच्या गाठीला बांधला.

"मी बोललो असतो ना," शरच्चंद्र म्हणाला.

"तू माफी मागितली असतीस."

तो इतका हसला की चष्मा चिखलात पडला. चष्मा शोधताना लावलेली एक अख्खी रांग उपटली गेली. पुन्हा लावली.

दुपारी प्रेरणा चहाची किटली घेऊन आली. मागून छत्री धरून स्वरूप. बांधावरून तो म्हणाला, "रस्त्यावर माणसं उभी आहेत आई. आवाज ऐकून हसतायत."

मंगलबाई वाकलेलीच राहिली. एकदा सरळ झालं तर पुन्हा वाकता येईल का याची तिला शंका होती. "किती हायत? जास्त असतील तर आणखी एक रांग त्यांच्या नावानं धरते."

"शोभतं का हे?"

"शाळंत असताना आमी चौघं ओढा वलांडताना मास्तरांनी बघितलं, तवा बी हेच म्हणालं. हाताला हात धरून व्हतो आमी, हणम्या वाहून चाललेला म्हणून."

"म्या वाहून चाललो नव्हतो," हनुमंत म्हणाला. "म्या पाण्याचा वेग मोजत व्हतो."

प्रेरणा हसली, यावेळी पदराआड नाही.

दिवस कलायच्या आधी शेवटची जुडी संपली. चौघं बांधावर बसले, म्हणजे पडले. हिरव्या चिमटी पाण्यात थरथरत होत्या. रांगा सरळ असतील असं कोणी म्हटलं नव्हतं. मंगलबाईच्या पाठीचा कणा जागेवर नव्हता, पण छातीत काहीतरी नगाऱ्यासारखं वाजत होतं. झालं. लावलं. आता कुणाचा बाप सही मागतो बघू.

तेवढ्यात धुकं उठलं.

स्वरूपनं मोबाईलवर नकाशा उघडलेला होता. तो एकदा पडद्याकडं बघे, एकदा खाचराकडं. मग तो हसायला लागला, आणि ते हसणं मंगलबाईला मुळीच आवडलं नाही.

"आई, हे आपलं नाही."

"काय?"

"हे काकांचं. आपलं ते." त्यानं बोट केलं. शेजारी पुरुषभर गवत वाऱ्यावर डोलत होतं. मधला बांध त्या गवतात केव्हाच बसून गेला होता.

सगळे हळूच हनुमंताकडं वळले.

"बिबट्या कुठं उतरवला व्हतास म्हणालास?" सुलूनं विचारलं.

"त्याला हाक मार आता," मंगलबाई म्हणाली. "म्हणावं ह्याला घेऊन जा." पण आवाजात धार नव्हती. उलटं येणारं पाणी तिनंच पाहिलं होतं. ओढ्याचा पत्ता तिनंच दिला होता. तरव्यात एक रोप उरलं नव्हतं, आणि उद्या सकाळी पार्टी येणार होती.

"वाईट वाटून घेऊ नकोस," स्वरूप म्हणाला, आणि ते खरंच म्हणाला; हेच तिला जास्त झोंबलं. "प्रयत्न केलास. आता सहीला मोकळी झालीस."

तेवढ्यात गेनू आला. हातात काठी, डोक्यावर पोतं, तोंडात शिव्या.

"कुणाला इचारून माझ्या रानात पाय घातलासा? उद्या पार्टी येणार, आन हितं..." तो बांधावर पोचला आणि थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. खाचर भरून हिरवं होतं. मग त्याच्या कपाळावर आठी चढली.

"ही रांग म्हनायची? सापानं कात टाकावी तशी दिसती." त्यानं काठी टाकली. "ह्ये दाट, ह्ये इरळ. अन ह्यो कोपरा कुणी लावला?"

शरच्चंद्रानं वर्गात करावा तसा हात वर केला.

गेनू कंबर विसरून चिखलात उतरला. दाट झालेली रोपं त्यानं काढली, विरळ जागी रोवली, पुटपुटत एक अख्खी रांग सरळ केली. मंगलबाई बघत राहिली. या माणसानं वाटणीनंतर तिच्याकडं पाहून थुंकायचेही कष्ट घेतले नव्हते. आणि भातावर हात फिरवताना आता तो तिच्या नवऱ्यासारखा दिसत होता. सख्खा भाऊच तो. हे ती विसरली होती. आणि नेमकं तेव्हाच तिला इर्जिकीचा कायदा आठवला.

"भावजी," ती म्हणाली, "इर्जिक कुणाच्या रानात झाली?"

गेनू वाकलेलाच थांबला.

"माझ्या रानात झाली आसती तर कोंबडा म्या कापला आसता. पर झाली तुमच्या रानात. आता जेवू कुणी घालायचं?"

"म्या कुठं बोलावलं व्हतं?"

"न बोलवता राबलो, म्हंजी दुप्पट उपकार. आन ज्याच्या रानात राबलं त्यानं फेडायचं. उद्या माझं रान अडलंय. तुमी येनार का न्हाई? न्हाई म्हणा, म्या काय बी बोलायची न्हाई. फकस्त देवळापाशी सांगंन, गेनूनं इर्जिक खाल्ली आन फेडली न्हाई."

"काका, ऐकू नका," स्वरूप म्हणाला. "हे गावठी कायदे..."

"गावठी?" गेनू पुरा वळला. पुतण्यानं त्याला इतका वेळ 'काका, काका' म्हणून पार्टीच्या गाडीत बसवलं होतं. पण हा एक शब्द काही त्याच्या पोटात गेला नाही. "माझ्या बापानं इर्जिक बुडवली न्हाई कुणाची."

"काका, रोपं कुठायत? उद्या लावणार काय, गवत?"

प्रेरणानं मोबाईल कानाला लावलेला सगळ्यांच्या लक्षात आत्ता आलं. ती बाजूला वळून माहेरी वडलांशी बोलत होती. "आबा, आपला तरवा उरलाय का? हो, मार्गासनीहून टेम्पोनं... हनुमंतकाका येतील आता न्यायला." तिनं फोन ठेवला. "पुष्कळ उरलाय म्हणतात."

"प्रेरणा!"

"अहो, विचारलं फक्त."

गेनूच्या घरी त्या संध्याकाळी त्याच्या बायकोनं, सगुणाबाईनं, वाटण आधीच वाटून ठेवलेलं निघालं. दुपारीच ती पाटाचं पाणी बघायला म्हणून गेली होती, आणि यांनी चुकीचं खाचर धरलंय हे तिनं धुक्यातही ओळखलं होतं.

"मग बोलली का न्हाईस?" गेनू ओरडला.

"बोलले आसते तर तुमी थांबवलं आसतं," सगुणाबाई म्हणाली आणि जावेच्या ताटात तांबड्या रश्शाचा दुसरा पळा ओतला. शरच्चंद्राला पिठलं. ते तिनं न विचारता वेगळं केलं होतं. जेवताना मंगलबाई आणि गेनू एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत; पण मीठ तिनं मागायच्या आत त्यानं सरकवलं.

रविवारी उजाडताच टिलर मंगलबाईच्या खाचरात शिरला. गेनू पुढं, बाकीचे मागं. आज रांगा सरळ होत्या, कारण वाकडी दिसली की गेनू ती उपटत होता. हनुमंतानं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा गेनूनं हातात जुडी दिली.

सकाळी ऊन तोंडावर आलं तेव्हा अर्धं खाचर झालं होतं, आणि रस्त्यावर पांढरी गाडी येऊन थांबली.

पार्टी म्हणजे पांढऱ्या बुटांचा एक हसरा माणूस होता. स्वरूप त्याला गेनूच्या बांधावरून घेऊन आला. त्यानं भात पाहिलं, माणसं पाहिली, आणि फोटो काढला.

"मस्त! आपल्या माहितीपत्रकात टाकू. निसर्गाच्या कुशीत," तो म्हणाला. "काका, बाकी हे भात म्हणजे... जेसीबी घातला की तासाभरात सपाट."

"व्हईल की," गेनू हात न थांबवता म्हणाला. "पर जेसीबी उतरवणार कुठनं?"

"तुमच्या शेतातून. ठरलंय ना आपलं."

"ठरलं तवा त्यात गवत व्हतं. आता त्यात इर्जिकीचं भात हाय. म्या लावलेलं न्हाई, मग मोडणार कसं? ज्यांनी लावलं त्यांना इचारा."

पार्टीनं चौघांकडं पाहिलं. चिखलानं कोण बाई, कोण पुरुष हेही पटकन कळत नव्हतं.

"नामंजूर," चष्मा नसलेला एक पुतळा म्हणाला. "एकमतानं."

"माझी दोन मतं धरा," दुसरा म्हणाला.

"बघा आजी," पार्टी मंगलबाईकडं वळली, "या वयात कशाला हा त्रास? पुढच्या वर्षी कोण लावणार?"

आता मात्र मंगलबाई सरळ झाली. एकेक मणका उचलत, कंबरेवर हात टेकत, पूर्ण.

"पुढल्या साली यिऊन बगा की. आमी हितंच असू. ह्याच चिखलात. आमच्यातला कुणी गेलेला असंल तर त्याच्या वाटंची रांग बाकीची लावतील. आन बूट काढून या. बांध खराब व्हतो."

हसरा माणूस तसाच हसत मागं फिरला. पण आता त्या हसण्याला धरायला काही नव्हतं. स्वरूप बांधावर उभा राहिला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"अर्धंच झालंय आई. शब्द दिला होतास."

"पडीक आसंल तर सही, आसा शब्द. तूच सांग, ह्यात पडीक कुठं दिसतं?"

"तिकडचा अर्धा भाग."

"मंग ये. त्यो अर्धा तुझ्या बापाचा हाय. पँट वर घे, उतर."

क्षणभर तिला वाटलं तो उतरेल. लहानपणी याच खाचरात तो नागडा लोळला होता. त्याला बाहेर काढायला दोन माणसं लागली होती. त्यानं खाली चिखलाकडं पाहिलं. मग खिशात हात घातले.

"तुला मित्र जास्त झाले. मुलगा नको झाला," तो म्हणाला. "मी निघतो. पार्टी सोडेल पुण्यापर्यंत."

मंगलबाईला बोलायचं होतं. पण तोंड उघडलं तर भलतंच काही निघेल, आणि डोळ्यांतलंही. ती चटकन वाकली, आणि रोप लावलं. सुलू तिच्याजवळ सरकली, इतकी की खांद्याला खांदा लागला, आणि तिनं पुढचं रोप रोवलं. हनुमंतसुद्धा काही बोलला नाही; त्याच्या आयुष्यात हे दुसऱ्यांदा घडलं असेल.

रस्त्यावर गाडीचं दार लागलं. मग हॉर्न वाजला. एकदा. थांबून पुन्हा, लांबलचक.

प्रेरणा किटली घेऊन बांधावर उभी होती. मंगलबाईनं वर न बघता म्हटलं, "जा पोरी. गाडी थांबलीय तुझ्यासाठी."

प्रेरणानं रस्त्याकडं पाहिलं. सासूच्या वाकलेल्या पाठीकडं पाहिलं. मग तिनं किटली बांधावर ठेवली, चपला तिच्याशेजारी काढल्या आणि साडी गुडघ्याच्या वर खोचली.

"थांबू दे," ती म्हणाली आणि चिखलात उतरली.

हॉर्न तिसऱ्यांदा वाजला. गेनूनं न बघता तिच्या हातात जुडी दिली.

"रांग सरळ धर," तो म्हणाला. "आन मागं सरकत जा. पुढं बघायचं न्हाई."